पाचवी बाई

देलिंग तोरेफ्लोरेसचं वय पन्नास, हातात पिस्तूल आलं त्याला अकरा वर्षं झाली आणि त्या पिस्तुलाची माशी दिसेनाशी झाली त्याला दीड. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा लोखंडी खुंट. मागच्या खाचेत तो बरोबर मधोमध आणायचा आणि हात न हलवता चाप ओढायचा, एवढंच ते शास्त्र. पण पन्नाशीच्या डोळ्यांना शास्त्र कळत नाही. समोरचा नेमाचा पुठ्ठा दिसला की माशी धूसर, आणि माशीवर नजर बांधावी तर ती दोन-दोन दिसायची.

तिगबावान गावच्या नेमबाजीच्या रेंजवर पत्र्याच्या छपराखाली देलिंगची खानावळ होती. रविवारी नेमबाज यायचे, सकाळभर पळत-वाकत पुठ्ठ्यांवर गोळ्या झाडायचे आणि दुपारी तिच्याकडची तूर, डुकराचं मांस आणि कच्चा फणस घातलेली आमटी भाताबरोबर ओरपायचे. अकरा वर्षांपूर्वी एकाने गंमत म्हणून तिच्या हातात पिस्तूल दिलं आणि तिने पाचही गोळ्या पुठ्ठ्याच्या मधोमध बसवल्या. गंमत करणाऱ्याने पुन्हा गंमत केली नाही. देलिंगने मात्र पुढच्या वर्षी परवाना काढला आणि एक जुनं देशी पिस्तूल घेतलं.

तेव्हापासून फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, स्पर्धेत बायकांच्या गटात ती आठ वेळा दुसरी आली होती. पहिल्या यायच्या त्या मॅम पुरिता हेल्वेसोन. निवृत्त मुख्याध्यापिका, वय बासष्ट. परीक्षेचे पेपर तपासावेत तशा त्या गोळ्या झाडायच्या, घाई नाही आणि माफीही नाही. देलिंगला त्यांचा राग नव्हता. डोळे पुरते जायच्या आत एकदा, फक्त एकदा, या बाईला हरवायचं एवढीच तिची इच्छा होती आणि ती तिने कुणालाही सांगितली नव्हती.

यंदा लग्नाच्या दोन पंक्तींचं काम मिळालं, त्यातले चोवीस हजार पेसो तिने पिस्तुलासाठी बाजूला काढले. हे एकदा बोलून गेली आणि खानावळीत सल्ल्यांचा सुकाळ झाला. फुकटचा सल्ला देताना माणूस जेवढा उदार होतो तेवढा तो बिल देताना झाला असता, तर देलिंगने कधीच नवं पिस्तूल घेतलं असतं.

"नांग देलिंग, ते लोखंड विकून टाका," अटर्नी पाल्मारेस म्हणाला. तो वकील, आणि रेंजचा सचिवही; तिला नांग, म्हणजे ताई, म्हणायचा. "नवीन घ्या. पोलादी, वजनदार. झटका जाणवतसुद्धा नाही."

"चोवीस हजारांत?"

"चोवीसांत नाही येणार. साठ-सत्तर धरा."

"धरते. तुम्ही द्या, मी धरते."

सगळे हसले. कुणी म्हणालं चाप हलका करून घ्या, कुणी म्हणालं मूठ बदला. शेवटी अटर्नीने जेवण अर्धवट टाकून तिला मैदानात नेलं आणि आपलं पिस्तूल तिच्या हातात ठेवलं. त्याच्यावर काडेपेटीएवढी काच बसवलेली होती आणि काचेत एक लाल ठिपका. ना खाच, ना माशी. ठिपका जिथे, गोळी तिथे. समोर सहा लोखंडी तबकड्या होत्या. देलिंगने सहा गोळ्यांत सहाही पाडल्या आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षाने तिला पुन्हा नीट दिसत होतं.

ठरलं. ठिपका अठरा हजारांचा, तो बसवायला पिस्तुलाचा वरचा भाग कापून घ्यायची मजुरी चार हजार. नाकापेक्षा मोती जड, पण नाकालाच दिसत नसेल तर करायचं काय? सोमवारी ती मोलोला नोंग मेल्चोरच्या कारखान्यात गेली. नोंग म्हणजे दादा; साठ वर्षांपैकी चाळीस वर्षं पिस्तुलं दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. कामात एक नंबर आणि वायद्यात शून्य.

त्याने पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं. "कापलं की मागची खाच जाणार, इंदाय पोरी. परत माशीवर येता येणार नाही."

"कशाला येऊ परत? शनिवारी द्याल ना?"

"बघू," तो म्हणाला. त्याच्या 'बघू'चा अर्थ अख्ख्या इलोइलो शहराला ठाऊक होता.

मंगळवारी मॅम पुरिता खानावळीत आल्या. एरवी त्या रविवारशिवाय यायच्या नाहीत. गुडघा धरत बाकावर बसल्या आणि कॉफी मागितली.

"जानेवारीत गुडघा बदलणार आहेत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतो, पळापळ बंद. म्हणजे ही स्पर्धा माझी शेवटची. दाव्हाओहून बहीण येतेय बघायला. अकरा वर्षं तिला वाटतंय मी थापा मारते."

"थापा कसल्या मॅम, घरात कपाटभर ढाली आहेत तुमच्या."

"ती म्हणते, ढाली बाजारात विकत मिळतात." मॅमनी कॉफी ढवळली. "एक बरं आहे, यंदाही आपण पाच जणी आहोत. मोजून पाच. आपल्यातली ती नर्स येणार की नाही अशी धाकधूक होती, पण तिने सुट्टी घेतली. तू तर आहेसच."

देलिंगच्या हातातला डाव तसाच राहिला.

नियम साधा होता. माशीवाली पिस्तुलं वेगळी, ठिपकेवाली वेगळी, आणि त्या-त्या प्रकारात पाच बायका असल्या तरच बायकांचा गट धरायचा. चार झाल्या की गट नाही, नंबर नाही, ढाल नाही. सगळ्या पुरुषांच्या यादीत कुठेतरी खाली जाऊन बसायचं. देलिंग ठिपक्याकडे गेली की इकडे चौघी उरणार. मॅमच्या शेवटच्या स्पर्धेत त्यांना पहिलं येताच येणार नव्हतं. आणि देलिंगलाही नव्हतं! ठिपकेवाल्यांत बाई म्हणून ती एकटी. जिला हरवण्यासाठी चोवीस हजार काढले, ती तिच्या यादीतच नसणार होती. एवढे वकील, डॉक्टर, इंजिनियर आमटी ओरपून गेले, चापाचं वजन ग्रॅममध्ये सांगून गेले, पण एकालाही पाचापर्यंत मोजता आलं नाही. आणि देलिंग, तिलाही नाही.

"बरं वाटत नाही का तुला?" मॅमनी विचारलं.

"धूर गेला डोळ्यात," देलिंग म्हणाली.

मॅमची रिक्षा वळली तशी देलिंगने चुलीवरचं भांडं उतरवलं, खानावळ शेजारणीच्या गळ्यात घातली आणि मोलोला जाणारी प्रवासी जीपनी पकडली. वाटेत तिने मनातल्या मनात देवाला दोन विनवण्या केल्या. पहिली, कापलेलं नसू दे. दुसरीची तिला लाज वाटली: कापलेलं असू दे, म्हणजे निवडायला नको. कारण त्या सहा तबकड्या तिला अजून दिसत होत्या.

नोंग मेल्चोर दारात बसून आंबा खात होता.

"कापलंत?" देलिंगने धापा टाकत विचारलं.

"बस आधी."

"नोंग, कापलंत का?"

"कापायला चाळीस मिनिटं लागतात," तो शांतपणे म्हणाला. "कापलेलं जोडायला मी अजून शिकलो नाही. म्हणून म्हटलं दोन दिवस राहू दे. तू गेल्यावर बायकांची नावं मोजली मी. चार बोटांत संपली, पाचवं बोट तुझं होतं."

"मग सोमवारीच निरोप का नाही धाडलात?"

"मी कळवलं असतं तर तू माझ्यामुळे थांबली असतीस. आणि हरलीस की जन्मभर मला फणसाची आमटी वाढली नसतीस."

देलिंगला हसू आलं आणि रडूही आलं. त्याने आंब्याची फोड पुढे केली, ती तिने खाल्ली. मग ती म्हणाली, "राहू द्या माशी. पण मला दिसत नाही हो, नोंग. खरंच दिसत नाही."

"पिस्तूल धर समोर. रिकामं आहे, तू स्वतः बघ आधी."

तिने बघितलं, पुन्हा बघितलं आणि हात लांब केला. नोंग मेल्चोरने कपडे मोजायची टेप काढली आणि तिच्या उजव्या डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजलं. बहात्तर सेंटिमीटर. ते एका चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिलं. "चष्मेवाल्याकडे जा. उजवी काच एवढ्या अंतराची करून माग. वाचायची नाही, लांबची नाही, एवढ्याच अंतराची. तो म्हणेल असा चष्मा कुणी घालत नाही. तू म्हण, मी घालते."

"आणि पुठ्ठा?"

"पुठ्ठा धूसर दिसेल. दिसू दे. एवढा मोठा पुठ्ठा, तो काय पळून जातोय?"

जुनी जाड माशी काढून त्याने बारीक बसवली, तिच्या टोकाला हिरव्या चमकत्या धाग्याचा तुकडा, आणि मागची खाच कानशीने जराशी रुंद केली. हे सगळं नियमात बसणारं. मजुरीसह दोन हजार. चष्मा तीन हजारांचा. उरलेल्या पैशांची तिने काडतुसं घेतली आणि पुढचे तीन आठवडे खानावळीची भांडी घासून झाली की रेंजच्या मातीच्या बांधासमोर जाऊन उभी राहायची. चष्म्यातून जग विचित्र दिसायचं. चालताना ती दोनदा कोंबडीवर पाय देणार होती. पण हात लांब केला की त्या टोकावर एक हिरवा थेंब, स्वच्छ, स्थिर, एकच. अटर्नी पाल्मारेसला फार वाईट वाटलं.

"ठिपका सोडून चष्मा! नांग, तुम्ही म्हातारपणाकडे चाललात."

"चालतेय ना? उभी राहिले की सांगा," देलिंग म्हणाली.

स्पर्धा रविवारी झाली. सहा फेऱ्या. गोळ्यांच्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, त्यामुळे धीमा अचूक माणूसही हरतो आणि घाईने चुकणारा माणूसही. मॅम पुरिता गुडघ्याला पट्टा बांधून आल्या होत्या आणि पळत होत्या. दाव्हाओची बहीण छत्री धरून बसली होती आणि प्रत्येक आवाजाला छातीवर क्रूसाची खूण करत होती. पाचव्या फेरीपर्यंत कोण पुढे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मॅम झाडायच्या तेव्हा देलिंग त्यांच्या पुठ्ठ्यांची भोकं कागदी पट्ट्यांनी बुजवायची, देलिंग झाडायची तेव्हा मॅम बुजवायच्या. रेंजवर शत्रूची भोकंही आपणच बुजवायची असतात.

शेवटच्या फेरीत अकरा पुठ्ठे होते आणि मधे दोन पांढरे, ज्यांना गोळी लागली की गुण कापले जायचे. मॅमची एक गोळी पांढऱ्याच्या कडेला लागली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फेरी पूर्ण केली, पिस्तूल रिकामं करून दाखवलं आणि मग ओठ चावला. देलिंग पुढे आली. "तयार?" पंच म्हणाला. भोंगा वाजला. पुढचं तिला फारसं आठवत नाही. हिरवा थेंब, चाप, थेंब, चाप, दोन पावलं डावीकडे, पुन्हा थेंब. पुठ्ठे तपकिरी ढगांसारखे येत होते आणि जात होते. ते पळून गेले नाहीत.

दुपारी बक्षिसांच्या, तीन नंबरांच्या तीन फरशीच्या पायऱ्यांसमोर सगळे जमले. देलिंगच्या अंगावर अजून खानावळीचा एप्रन होता, कारण जेवणही तिलाच वाढायचं होतं. अटर्नीने कागद उलगडला.

"बायकांचा गट. दुसरा क्रमांक—"

आठ वर्षांच्या सवयीने देलिंग चालायला लागली. तीन पावलं गेली तेव्हा अटर्नीने नाव वाचलं, "मॅम पुरिता हेल्वेसोन." देलिंग जागच्या जागी थांबली. लोक हसले, मग ओरडले, कुणीतरी तिचा चष्मा हवेत उडवला. तिला फार आनंद झाला. आणि मॅमकडे बघायचं धाडस होईना.

मॅम लंगडत आल्या. तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "उगीच खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटतंय. अभिनंदन." मग पुढे म्हणाल्या, "अटर्नी सांगत होता, तू ठिपका घेणार होतीस. घेतला असतास तर मी जिंकले असते."

"जिंकला नसतात, मॅम. चौघींचा गट होत नाही."

मॅमनी हिशेब केला. मुख्याध्यापिकेला वेळ लागला नाही. देलिंगचा हात त्यांनी धरला तो सोडला नाही. तशाच दोघी पायऱ्यांपाशी गेल्या. मॅमनी सवयीने वरच्या पायरीवर पाय ठेवला, काढला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर चढल्या. पायरी हलली. त्या दचकल्या.

"थोडं डावीकडे सरका, मॅम," देलिंग हळूच म्हणाली. "ती उजवीकडून डुगडुगते. कोपऱ्यावर टाच रोवून उभं राहायचं."