राखून ठेवलेला अर्धा तुकडा

कल्पना करा, तुमच्या चिमट्यात मेंदूतल्या गाठीचा वाटाण्याएवढा तुकडा आहे. शेजारच्या खोलीत एका बाईची कवटी उघडी आहे आणि गाठ कसली हे कळेपर्यंत सर्जन थांबलेत.

प्रयोगशाळेतल्या ताई बावीस वर्षं असे तुकडे गोठवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघता यावेत म्हणून पातळ कापत आल्यात.

"ताई, सगळाच गोठवा, वेळ नाही," तपासणारे डॉक्टर म्हणाले.

"अर्धाच. सगळा संपवला तर औषध ठरवायची जनुकांची तपासणी कशावर करायची, तुमच्या टकलावर?"

पहिला काप फाटला. ताईंनी श्वास रोखून दुसरा घेतला. तो काचेवर नीट बसला आणि डॉक्टरांनी गाठ ओळखली.

पुढे राखलेल्या अर्ध्याच्या तपासणीतून कळलं, या गाठीवर औषध चालण्याची शक्यता चांगली आहे. ताई अजून डॉक्टरांना विचारतात, त्या बाईला ते लागू पडलं का?