पंप बंद झाल्यानंतर

पंप बंद झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, कर्नाळ्याच्या बाजूच्या मामाच्या गावात भूकंपाचा तोवरचा सर्वांत मोठा धक्का बसला. मी नवीन पनवेलहून मामाला भेटायला गेलो होतो.

धक्के दिवाळीनंतर सुरू झाले. टेकडीपलीकडचा एक कारखाना पंप लावून सांडपाणी खोल बोअरमध्ये दाबाने सोडत होता. खडकातल्या जुन्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट बसलेल्या असतात. दाबाचं पाणी शिरलं की पकड सैल होते आणि त्या सरकतात. शाळेत धक्के मोजायचं यंत्र बसवायला आलेल्या भूगर्भतज्ज्ञाने गावाला असं सांगितलं.

मामा अर्धांगवायूने खाटेवर आहे. दिवसा गावातले पुरुष बंदरावर कामाला जातात आणि धक्का बसला तर मामीला तो एकटीने उचलून बाहेर नेता येत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी खाट अंगणात ताडपत्रीखाली आणून ठेवली होती. आंघोळही तिथेच, रस्त्यावरून दिसेल अशी.

"येनारे-जानारे बगतात. तिकीट लावा आता," मामा म्हणायचा. पुढे तो आंघोळच नको म्हणू लागला.

गावाने कारखान्यावर मोर्चा नेला. पंप बंद झाला. देवळात नारळ फुटला आणि त्याच संध्याकाळी खाट घरात गेली. मामीने दार लावून त्याला आंघोळ घातली.

बुधवारी आधी मांडणीवरची भांडी वाजली. मग कौलं सरकली, मधल्या भिंतीला वरपर्यंत तडा गेला. मामीने आणि मी खाट ओढली; ती उंबऱ्यात अडकली.

"तुमी दोगं पला," मामा म्हणाला. "मी काय कुटं जात नाय."

"तुमी गप रावा," म्हणत मामी खाटेच्या कडेवर बसली. मीही तिथेच उभा राहिलो. हादरा थांबला तेव्हा खाट उंबऱ्यातच होती.

मी तज्ज्ञाला फोन लावला. पंप थांबला तरी आत गेलेल्या पाण्याचा दाब खडकातून पसरत राहतो, मोठा धक्का नंतरही बसू शकतो, असं तो म्हणाला. किती दिवस, ते सांगता येत नाही. पाणी सगळं उपसून काढताही येत नाही.

मी हे मामीला सांगितलं.

"मंग आता बंद कर म्हनून कुनाला सांगायचं?" तिने विचारलं.

संध्याकाळी कामावरून परतलेल्या शेजाऱ्यांनी खाट पुन्हा अंगणात नेली.

पंप बंद आहे. गेल्या रविवारी आणखी एक धक्का बसला. खाट अंगणातच आहे. रस्त्याच्या बाजूला मामीने लुगडं बांधलं आहे.