नवऱ्याच्या डोक्यावर अडकलेला स्वेटर

नवऱ्याचे दोन्ही हात वर, पोट उघडं आणि डोकं स्वेटरच्या आत. गळ्यातून फक्त टाळू बाहेर आलेली, तीही लाल झालेली. आतून आवाज आला, “अगो, जीव चल्लो माझो! कातर आण!”

“कातरीचा नाव काढू नकात,” मी म्हटलं.

कातर माझ्या मागे खिडकीतच होती. पण तो स्वेटर मी चार महिने विणला होता. जन्मभर मी जे जे केलं, ते संध्याकाळपर्यंत लोकांनी खाऊन टाकलं. भाकऱ्या, आमटी, आंबोळ्या, सगळं. हे एकच काम होतं जे कुणी खाणार नव्हतं. त्यावर कातर चालवायला माझा हात होईना.

आमच्याकडे समुद्रकाठी स्वेटर लागत नाही. कणकवलीच्या दुकानदारानेही लोकर देताना विचारलं होतं, “आजी, कुणी थंडीकडे निघालंय का?” निघणार होता तो नवराच. त्याची बहीण आंबोलीला राहते. थंडीत तिच्याकडे सत्यनारायण असतो. हा दर वर्षी नुसत्या सदऱ्यावर जातो आणि खोकला घेऊन येतो. तो खोकला मग महिनाभर मी ऐकते. म्हणून मी विणायला बसले. शाळा चौथीपर्यंत, पण टाके मोजायला तेवढी पुरते.

शिकवलं शेजारणीने. ती ख्रिश्चन, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, म्हणून सगळी वाडी तिला टीचर म्हणायची. सुलट टाका, उलट टाका, सगळं तिचंच. तिने बजावलं होतं, गळ्याचे टाके बंद करण्याआधी डोक्यातून घालून बघ. नवरा काही मापाला बसेना. मग मी माप घेतलं माझ्या पद्धतीने.

आरडाओरडा ऐकून टीचर दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून हाका मारत आली आणि दारातच थांबली.

“वयनी, गळो डोक्यात घालून बघितलंस मा?”

“बघितलंय.”

“खंयच्या डोक्यात?”

मी स्वेटरचा काठ चाचपू लागले. टीचर शाळेतल्यासारखी बघत राहिली. शेवटी मी सांगितलं, “नारळार.”

“कोणार?” आतून नवरा.

सोललेला नारळ घेतला होता मी, शेंडीसकट. त्यावरून गळा झरझर उतरला. नारळाला कान नसतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. टीचर खाटेवर बसली आणि पोट धरून हसायला लागली.

“हसतास काय? हय मी मरतंय!”

“मराचा तर हात खाली घेवन मरा, शिवण ताणता,” मी म्हटलं.

मग मात्र त्याचा श्वास घरघरायला लागला आणि टीचरचं हसू थांबलं. तिने कातर उचलली आणि नवऱ्याकडे बोट केलं. “वयनी, तुका स्वेटर होयो काय घोव?”

“दोनय होये.”

“मगे शेवटचो धागो खंय बांधलंस ता सांग. तो सुटलो तर गळो उसवतलो.”

धागा मी आतून बराच खाली नेऊन, गाठ मारून लपवला होता. धाग्याचं टोक दिसलं की विणकाम कच्चं, असं तिनेच सांगितलं होतं. आता बाहेरून ते आम्हा दोघींनाही सापडेना. टीचरने कातर उघडली. मी डोळे मिटले.

तेवढ्यात आतून आवाज आला, “माझ्या तोंडाकडे गाठ लागता.”

“दातांनी सोडवा!” आम्ही दोघी एकदम ओरडलो.

त्याला दोनच दात. एक वर, एक खाली, पण नशिबाने समोरासमोर. तो चावत होता, मधेच माझ्या माहेरच्यांचा उद्धार करत होता. गाठ सुटली. टीचरने काठाखालून बोट घालून टोक ओढून घेतलं आणि सर्रकन ओळी उसवत गेल्या. आधी कपाळ आलं, मग कान, मग नाक. तोंड बाहेर येताच तो म्हणाला, “गाडी गेली?”

आंबोलीची पहिली एसटी गेली होती, दुसरी यायची होती. पुन्हा विणायला वेळ नव्हता. टीचरने सुटे टाके माझ्या परकराच्या नाडीत ओवले आणि नाडी त्याच्या मानेमागे बांधली. तसाच तो आंबोलीला गेला. नणंदेने विचारलं म्हणे, ही कसली नवी फॅशन? पण खोकला आणला नाही. परत आल्यावर माझ्यासमोर मुकाट्याने बसला आणि मी त्याच्या डोक्यावरच माप घेऊन गळा विणला. दर थंडीत तो स्वेटर घालतो.

टीचर गेल्या पावसाळ्यात वारली. नवरा आणि मी आहोत.