डाव्या हाताची गाठ

‘आमच्या मॅडम गेल्या,’ असं फोनवर एक अनोळखी मुलगी रडत रडत सांगत होती, तेव्हा मी अकोल्याला लेकाकडे मेथी निवडत बसले होते. आधी मला उमजेचना, कोण मॅडम? मग कळलं की शैला, माझी चुलत बहीण, मालवणच्या घरी झोपेतच गेली. हातातली जुडी तशीच राहिली. रडू आलंच. पण खरं सांगते, त्या रडण्यातही तो एक शब्द टोचत होता... ‘आमच्या’. अगं बाई, तुमची कधीपासून? तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून ती माझी आहे.

शैलानं सारा जन्म प्रवाळांपायी खाऱ्या पाण्यात घातला. प्रवाळ म्हणजे समुद्राच्या तळाशी इवल्या जिवांनी मिळून उभारलेली वस्ती. पाणी तापलं की ती पांढरी पडते आणि हळूहळू मरते. तिथले मोडलेले पण जिवंत तुकडे गोळा करायचे, पाण्याखाली लोखंडी जाळीवर बांधायचे आणि ते धरतात का ते बघत राहायचं, हे तिचं काम. आधी अंदमानात, मग मालवणला. आमच्या वऱ्हाडात समुद्र कुठला! त्यामुळे ती सुट्टीवर आली की सगळं गणगोत तिच्याभोवती. माझे बाबा, म्हणजे तिचे मोठे बाबा, झाडावरची चांगली संत्री तिच्यासाठी राखून ठेवत आणि मासे कसे झोपतात, हे चार चार वेळा विचारत. मी अमरावतीच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण माझ्या वर्गातली पोरं कशी आहेत, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मला राग यायचा. हेवा वाटायचा, सरळच सांगते. तिचा, तिच्या समुद्राचा, त्या माशांचासुद्धा.

कारण एक गोष्ट माझी होती, आणि ती शैला घेऊन गेली होती. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत शैला अकोल्याहून आमच्या मोर्शीच्या बागेत यायची. दिवाळी सरली की कलमांचं काम सुरू व्हायचं. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. खालून वर वेढे न्यायचे, डोळा उघडा ठेवायचा आणि शेवटचं टोक वेढ्याखालून ओढून गाठ आवळायची. मी डावखुरी. आई त्यावरून चिडायची, पण बाबा म्हणायचे, कलम लागल्याशी मतलब. माझी कलमं लागायची. शैलाचा हात मात्र असा बोजड, की पट्टी बांधून होईस्तोवर डोळा निसटलेला असायचा. शेवटी मी तिला पाठीशी बसवलं, माझ्या खांद्यावरून बघायला लावलं आणि शिकवलं. ही एकच गोष्ट मला तिच्यापेक्षा चांगली येत होती हो.

पुढे तीच गाठ तिनं पाण्याखाली नेली. दोऱ्यानं बांधलेले तुकडे लाटेनं हलायचे, म्हणून तिनं आमच्यासारखे वेढे देऊन पाहिले आणि तुकडे धरले. टीव्हीवर तिची मुलाखत झाली. मी सगळ्या शेजारणींना बोलावून ठेवलं होतं. शैला म्हणाली, आमच्या मोर्शीकडे संत्र्याचं कलम असं बांधतात. बस. मोर्शीचं नाव आलं, माझं नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी तिला फोन केला नाही.

गेल्या हिवाळ्यात ती आली, ती आमची शेवटची भेट. बागेत मी कलमांच्या पट्ट्या कापत होते. डोळा फुटला की पट्टी कापावीच लागते, नाहीतर ती खोडात रुतते. शैला बांधावर बसून बघत होती.

‘आमच्याकडं हे काम नाही बरं, कुंदे. प्रवाळ गाठीवरूनच वाढते. गाठ त्याच्या पोटातच राहते.’

‘तुले सगळंच आयतं भेटते,’ मी म्हटलं.

ती हसली. मी हसले नाही.

शैला वारल्यावर काही आठवड्यांनी ती फोनवाली मुलगी मोर्शीला आली. मीनल तिचं नाव, शैलाची विद्यार्थिनी. मॅडम ज्या बागेबद्दल बोलायच्या, ती बघायची होती म्हणे. मी चहा दिला, पण मनातून काही दिला नाही. कलमांचेच दिवस होते. तिनं विचारलं, एक बांधून बघू का? म्हटलं, बघ. मी डोळा बसवून दिला आणि ती पट्टी गुंडाळू लागली. पोरगी उजव्या हाताची, चहाचा कपही उजव्याच हातात होता. पण पट्टी डाव्या हातानं फिरवत होती, वेढे उलटे जात होते, हुबेहूब माझ्यासारखे.

‘अशी काहून बांधतेस?’

‘आम्ही सगळेच अशी बांधतो. उजव्या हाताने बांधली तर मॅडम सोडायला लावायच्या.’

‘आणि त्याचं कारण?’

‘विचारलं होतं मी. म्हणाल्या, मले शिकवणारीचा हात डावा होता.’

मी उठून विहिरीकडे गेले आणि उगाच पाय धूत बसले. शैले, हे तू टीव्हीवर का नाही सांगितलंस? मला का नाही सांगितलंस?

मीनलनं बांधलेल्या त्या कलमाचा डोळा काल फुटला. हिरवं टोक वर आलंय. म्हणजे पट्टी कापायची वेळ झाली. सकाळपासून ब्लेड घेऊन मी त्या रोपापाशी दोनदा जाऊन आले. तिकडे मालवणच्या पाण्यात माझ्या हाताच्या गाठी जिथल्या तिथे आहेत, त्यांच्यावरून प्रवाळ वाढतंय, त्या कुणालाच सोडाव्या लागणार नाहीत. इथे मात्र मलाच कापावी लागणार... शैले, याचाही मला हेवा वाटतो.