अवतार सिंगचा पास

श्यामकांत खानझोडे यांचा माणसांपेक्षा व्होल्टमीटरवर जास्त विश्वास. वर्ध्याहून बदलीनं चंदीगडला येऊन अकरा वर्षं झाली होती, सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचं काम होतं आणि घरीही तोच खाक्या. वरणात मीठ कमी आहे का असं सरोजनं विचारलं, की हे चमचा तोंडात धरून एवढा वेळ गप्प बसायचे की तोवर वरण गार व्हायचं. मग म्हणायचे, "किंचित."

१९९१ साली त्यांच्या सेक्टरात ज्या दोन घरांत कॉम्प्युटर होता, त्यातलं एक त्यांचं. संध्याकाळी दिवे लागले की मुलांना बाहेर सोडायची सोय राहिली नव्हती. पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस, रोज कुठून ना कुठून गोळीबाराची बातमी यायची. बारा वर्षांची लीना घरात कोंडून कंटाळली होती, म्हणून खानझोड्यांनी एकेक भाग जमवून तिच्यासाठी मशीन उभं केलं. म्हणजे जमवले त्यांनी, उभं केलं अवतार सिंगनं.

अवतार सिंग चंदीगडजवळच्या खरड गावचा. प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर दुरुस्त करायला तो सहा वर्षं येत होता. बाहेरचा माणूस असल्यानं त्याला फाटकातून आत यायला पास लागे, आणि दिवस असे की पासावर एखाद्या कायम नोकरदाराची जामीन म्हणून सही असल्याशिवाय पहारेकरी कुणाला आत घेत नसे. दर वर्षी दिवाळीनंतर नवा फॉर्म यायचा. सहा वर्षं त्यावर सही होती खानझोड्यांची. अवतार सिंग त्यांच्या घरी झुणका-भाकरी खाऊन गेलेला माणूस. लीनाला त्यानं कीबोर्ड कसा पुसायचा ते शिकवलं होतं.

सप्टेंबरात मशीनचा पॉवर सप्लाय जळाला. अवतार सिंगनं दुसरा बसवला आणि महिनाभर मशीन सुतासारखं चाललं.

मग खंडेनवमी आली. सरोजनं स्क्रूड्रायव्हर, पकड, विळी, शिवणयंत्र आणि कॉम्प्युटर असं सगळं मांडलं. हळदकुंकू घेऊन ती कॉम्प्युटरकडे वळली, तेवढ्यात खानझोड्यांना विनोद सुचला.

"पत्र्याची काय पूजा करून राहिली तू? यंत्र तर आत आहे."

असं म्हणून त्यांनी स्वतःच वरचं झाकण उघडलं आणि कुंकवात भिजलेल्या अक्षता चिमूटभर आत टाकल्या. सरोज म्हणाली, "अहो, काही बिघडायचं." हे म्हणाले, "पूजेनं कधी बिघडते काय?" झाकण लागलं.

चार दिवसांनी लीना गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळत असताना मशीन पटकन बंद पडलं. थोड्या वेळानं आपोआप सुरू झालं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. खानझोड्यांचं पत्र टाइप होईपर्यंत ते नीट चालायचं, कारण पत्र दहा मिनिटांत संपायचं. खेळ तासभर चालला की मात्र संपलंच.

मग खानझोडे कामाला लागले. स्टॅबिलायझर बदलला, भिंतीतला सॉकेट नवा बसवला, दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज वहीत लिहिलं. दोष सापडेना. लीना एकदा म्हणाली, "पापा, आजकल ये आवाज़ भी नहीं करता। पहले कितना घूं-घूं करता था।" त्यावर हे खूश झाले, म्हणाले, "बघ, निदान एवढं तरी सुधारलं." यंत्रांमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, पण त्या दिवशी कान असून बहिरा.

पॉवर सप्लायचा डबा तेवढा त्यांनी उघडला नव्हता. त्यावर अवतार सिंगनं स्वतःच्या हातानं तारीख घातलेली कागदी पट्टी होती, ती फाडली तर तो बदलून देणार नाही असा हिशेब. मग हळूहळू डोक्यात एकच बसलं, त्यानं जुना डबा रंगवून आपल्या गळ्यात मारला. अवतार सिंगनं विभागातल्या नरेश कारकुनामार्फत दोनदा निरोप धाडला, "साब जी, मैं खोल के देख लेता हूं." खानझोडे म्हणाले, "राहू दे." बोलावलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण राग धरायला एकदा कारण मिळालं, की ते तपासून बघायची हौस कुणाला असते?

आणि खरं सांगायचं, तर रागाच्या आड आणखी काही होतं. दिवाळी झाली होती. नरेश पासाचा फॉर्म टेबलावर ठेवताना हळूच म्हणाला, "सर, इस बार साइन मत करो। सरदार आदमी है, तारें-डिब्बे लेके अंदर आता है। कल को कुछ हो गया तो पहले आपको पकड़ेंगे।"

एरवी खानझोड्यांनी नरेशला झापलं असतं. या वेळी त्यांना बरं वाटलं. भीती वाटते असं स्वतःशी कबूल करायला नको, जुना माल खपवणाऱ्यासाठी जामीन का राहायचं, एवढं म्हटलं की झालं. फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला आणि मुदत निघून गेली.

पुढच्या सोमवारी अवतार सिंग फाटकाबाहेर थैली घेऊन उभा दिसला. मंगळवारी आणि बुधवारीही दिसला. तिन्ही दिवस खानझोडे मागच्या दारानं आत गेले. गुरुवारी तो आला नाही.

शनिवारी मशीन पुन्हा बंद पडलं. आता पट्टी जपायची कुणासाठी, म्हणून खानझोड्यांनी ती फाडली आणि डबा उघडला. आतला पंखा बोटानं फिरवून पाहिला, फिरेना. टॉर्च धरला. पंख्याचं पातं आणि कडा यांच्यामध्ये डब्याच्या फटीतून आत गेलेला तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता, कुंकवानं चिकटून लालभडक. चिमट्यानं काढला आणि मशीन लावलं. पंखा घूं-घूं करू लागला. लीना दोन तास खेळली, मशीन एकदाही बंद पडलं नाही. डबा कोरा करकरीत होता.

सरोज दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता अवतार सिंगला काय सांगाल?"

खानझोड्यांना जेवण गेलं नाही. यंत्राची चूक माणसावर ढकलली असती तरी एक वेळ चाललं असतं. इथे चूक आपल्या हातची, त्यातून एका माणसाचं येणंजाणं बंद केलं, आणि तेही मागच्या दारानं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी अंग चोरावंसं वाटण्याइतकी.

सोमवारी त्यांनी ड्रॉवरमधला फॉर्म काढून सही केली आणि पुढच्या रविवारी सकाळी तो घेऊन ते बसनं खरडला गेले. मोहालीच्या पुढे बस थांबवून पोलिसांनी सगळ्यांना उतरवलं, थैल्या तपासल्या. पगडीवाल्यांना वेगळं उभं केलं होतं. खानझोड्यांना कुणी काही विचारलं नाही.

अवतार सिंगनं त्यांना पाहून खाट झटकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. पहिला प्रश्न त्याचाच, "मशीन चल पड़ी, साब जी?"

खानझोड्यांनी तांदळाच्या दाण्याची हकीकत सांगितली. तो पोट धरून हसला. मग त्यांनी फॉर्म पुढे केला. म्हणाले, "मुदत गेली होती, मोठ्या साहेबांकडून खास परवानगी आणली. उद्यापासून ये." येताना बसमध्ये पुढची वाक्यं त्यांनी घोकून ठेवली होती, मीच सही केली नाही, मला तुझा संशय आला, मी घाबरलो. त्यांनी तोंड उघडलं.

पण अवतार सिंग बायकोकडे वळून बोलत होता. "मैं कहता था ना? खानझोडे साब पे ऊपर से दबाव होगा। अपनी मर्ज़ी से ये ऐसा काम कर ही नहीं सकते।" मग त्यांच्याकडे बघून म्हणाला, "लोग बहुत कुछ बोले, साब जी। मैं सबसे लड़ा।"

चहाचा ग्लास हातात गरम लागत होता. खानझोड्यांनी घोकलेलं पहिलं वाक्य शोधलं.

"हो," ते म्हणाले. "दबाव होता."