सुनेच्या अनुभवात मी

माझ्या सुनेच्या रेझ्युमेत मी ‘अनुभव’ या मथळ्याखाली येते.

आम्ही भिलाईत, हुडको कॉलनीत राहतो. नातू शाळेत जायला लागला तशी सून रुपाली पुन्हा नोकरी शोधायला लागली. अर्जांवर अर्ज पाठवले, पण मधली घरी काढलेली वर्षं दिसली की सगळे गप्प! शेवटी जवळच्याच कुम्हारी गावातल्या एका पंपांच्या कारखान्यात मुलाखत झाली.

“आई, आता फक्त चौकशीचा फोन येईल. तुम्हाला!”

“मले? कावून?”

“त्या वर्षांत माझं काम पाहणारं दुसरं होतंच कोण? तुमचाच नंबर दिला.”

माझी छाती फुगली! म्हटलं, पाहू तरी पोरीनं काय लिहिलं. कागद इंग्रजीत, म्हणून तीच अर्थ सांगत गेली. घरखर्चाचं नियोजन. बरं. पाहुण्यांची व्यवस्था. तेही बरं. आणि त्याखाली, ‘कठीण स्वभावाच्या व्यक्तीशी होणारे रोजचे वाद शांतपणे मिटवण्याचा अनुभव’!

“हे कठीण स्वभावाचं कोण हाय आपल्या घरात?”

रुपालीनं भाजी चिरता चिरता माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. (कानाला लावून मला ऐकू येत नाही, म्हणून मी स्पीकर सुरू करूनच बोलते. अर्धी कॉलनी ऐकते, ऐकू दे!) कारखान्यातली मॅडम होती.

“माताजी, आपकी बहू ने लिखा है, घर के रोज़ के झगड़े वही सुलझाती हैं?”

आता सांगा, घरातली भांडणं परक्याला कोण सांगतं? शेजारीण आवाजाचं विचारते तेव्हा आम्ही टीव्हीवर ढकलतो! मी ठणकावलं, “झगड़ा? हमारे घर में? आज तक नहीं हुआ!”

रुपालीचा चेहरा पांढराफटक. “आई! काय करून राहिल्या! मी खोटं लिहिलं असं होईल ना! हातातली नोकरी जाईल माझी!”

“मंग मले कठीण कावून म्हटलं? परवा वांग्यात मीठ जास्त झालं, मी बोलली का काही?”

“अजून बोलून राहिल्या, आई.”

“बोलीन! खारट ते खारट!”

मग तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. “मीठ जास्तच होतं, आई. आणि लिहायच्या आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. चुकलंच माझं.”

“बरं, बरं. चहा टाक,” मी म्हटलं. राग कुठल्या कुठे! (पोरगी रोज हेच करते आणि मी रोज विरघळते, हे त्या क्षणी कळलं. एवढा धक्का तर लग्नातसुद्धा बसला नव्हता!)

आणि फोनमधून खोकला आला.

“माताजी, मैं लाइन पर ही हूँ।”

अरे देवा!

“मैं नागपुर की हूँ, सब समझ गई। हमें ग्राहकों की शिकायतें सुनने के लिए ही कोई चाहिए था। बहू को सोमवार से भेज दीजिए।”

रुपालीनं मला मिठी मारली. मी मात्र तोंड उघडं ठेवून फोनकडेच पाहत होते.

बातमी हुडकोभर झाली. (स्पीकर!) दुसऱ्याच दिवशी समोरची शेजारीण दारात हजर. “काकू, आमच्या सुनेचाही रेझ्युमे बनून राहिला. तुमचा नंबर टाकू का? तुम्हाला वेगळं काही करायचं नाही, फक्त नेहमीसारखं बोलायचं!”

असा संताप आला! दार तोंडावर आपटणारच होते. पण लेकीबाळींच्या नोकरीचा प्रश्न, नाही कसं म्हणणार?

“टाक,” मी म्हटलं. “पण फोन दुपारी करायला सांग. झोपमोड झाली की मले जास्त चांगलं जमते!”