पंख्यात गुंतलेला हार

गुडघ्यांनी दगा दिला आणि बाबाने होडी सोडली. उरणच्या खाडीवरून तो पनवेलला माझ्या फ्लॅटवर राहायला आला, आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "माजं झालं आता." फिरायला चल म्हटलं, माजं झालं. नातेवाईकांकडे लग्नाला चल, माजं झालं. ऐकून डोकंच फिरायचं माझं! आणि आतून भीतीही वाटायची.

मी बिल्डरांसाठी कंप्युटरवर इमारती उभ्या करते. न बांधलेल्या फ्लॅटमधून गिऱ्हाईकाला फिरवून आणते. एका आळसावलेल्या दुपारी म्हटलं, टॉवर पुष्कळ झाले, आता बाबासाठी खाडी करू. तिवरांची झाडं लावली, चिखल पसरला, त्यावर बगळे उभे केले. मग हळूहळू भरतीचं पाणी आत सोडलं आणि पाण्यावर त्याची निळी होडी ठेवली. माउस वळवला की होडी वळायची.

बाबा स्क्रीनसमोर बसला. डोळे लकाकले त्याचे. पण होडी उचकी लागल्यागत अडखळत सरकायला लागली आणि त्याला गरगरलं. ज्याला जन्मात कधी बोट लागली नाही, त्याला माझी खाडी लागली!

"तुजी खाडी अडकते गो," म्हणाला आणि गॅलरीत जाऊन बसला. मला रडूच आलं.

ठरवलं, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे नेहमीच्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. पण उगाच रेटलं तर मशीन जायचं, आणि खाडीही त्याच्यासोबत. म्हणून आधी बायोस उघडलं. विंडोज सुरू होण्याआधीची ही जागा मला पहाटेच्या बंदरासारखी वाटते. सगळं जागच्या जागी, अजून कोणी निघालेलं नाही. व्होल्टेज ठीक. रॅमचा वेग ठीक. टेंपरेचर बघितलं आणि, अगं आई गं! काही काम नसताना मशीन भट्टीसारखं तापलेलं. पंख्याचा वेग मध्येच चढतोय, मध्येच पडतोय. तापलं की प्रोसेसर आपणहून मंदावतो. खाडी अडकत होती ती म्हणून.

मशीन बंद केलं, पिन काढली, झाकण उघडलं. पंख्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या आणि दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेला, मागच्या जाळीतून आत ओढला गेलेला हाराचा दोरा.

"बाबा! मशीनला हार कोणी घातला?"

"मीच. दसऱ्याला." तो गॅलरीतूनच म्हणाला. "तुजं पोट हाय ना त्याच्यावर? मंग तुजी होडीच ती. होडीला हार नको?"

मी स्क्रू सोडवून पंखा बाहेर काढला. तो आत आला, पंखा जवळ घेतला आणि बोटांनी अलगद दोरा सोडवत बसला, होडीच्या पंख्यातून जाळं सोडवावं तसा. कितीतरी दिवसांनी त्या हातांना काम मिळालं होतं.

पुन्हा बायोस उघडून बघितलं. टेंपरेचर उतरलं होतं, पंखा एका लयीत फिरत होता. वेग मी होता तेवढाच ठेवला.

कळंबोलीकडे ऊन कलत होतं. बाबाने माउस धरला आणि होडी लोण्यासारखी निघाली. तिवरांमधून, बगळ्यांना न उठवता, थेट खाडीच्या तोंडापर्यंत. तिथे माझं पाणी संपत होतं. पुढे नुसतं पांढरं.

"फुडं?"

"पुढचा दर्या अजून केला नाही, बाबा."

आता तेच म्हणणार, माजं झालं.

त्याने होडी तिवरांच्या सावलीत नेऊन लावली.

"कर मंग," म्हणाला. "मी थांबतो."